मावशीच्या अंगात देवी आली तेव्हा

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. हे आधीच सांगून टाकते. आमच्या वाडीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हालाच तेवढं ठाऊक नसावं हे बरं दिसत नाही. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यात शिकलेला माणूस म्हणजे सातवी नापास मामा. कुणाचं पत्र आलं की तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वाचता वाचता मजकुरात स्वतःची भर घालायचा. पत्र फारच छोटं असलं तर जास्त.

मी पास झाल्याचं शिरोड्याच्या बाजारात सगळ्यात आधी कळलं ते मावशीमुळे. ती तिथे मासे विकायची. त्या दिवशी तिने इसवण, म्हणजे सुरमई, विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमचा चेडू बी.एस्सी. झाला." चेडू म्हणजे मुलगी. गिऱ्हाईक म्हणालं, बरं झालं, पण तुकडी जाड काप. मावशीच्या तुकड्यांना बाजारात नाव होतं. विळीला आम्ही आडाळो म्हणतो. त्या आडाळ्यावर ती इसवण अशी कापायची की पहिली तुकडी आणि शेवटची तुकडी जुळ्या बहिणी वाटाव्यात.

मावशीचा नवरा रेडीच्या बंदरात खनिजाच्या बार्जवर कामाला होता. घरी यायचा तेव्हा खाऊ आणायचा, एकदा रेडिओ आणला आणि शेवटी एच.आय.व्ही. आणला. तो वारला आणि मावशी आमच्याकडे राहायला आली. मग मावशी आजारी पडली, तपासणी झाली, तिलाही निघाला. मी हे असं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा वाडीत हा शब्द कुणी उच्चारायचं नाही. सगळे "ता दुखणा" म्हणायचे, आणि म्हणताना पदर तोंडावर धरायचे, जसं काही शब्दातूनच लागण होणार आहे.

आता बाजाराचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मासेबाजारात बायका एकमेकींच्या शेजारी पाट्या घेऊन बसतात आणि दिवसभर एकमेकींना शिव्या घालतात. हिचं गिऱ्हाईक तिने ओढलं, तिच्या पाटीचं पाणी हिच्या पाटीत आलं, कारणं भरपूर असतात. शिव्यांत मुडदे बसवले जातात, फटकी येते, खानदानं बुडतात. आणि दुपारी त्याच दोघी एका डब्यातून जेवतात. जिला शिव्या मिळतात ती बाजारातली. मावशीच्या शेजारी आमच्याच वाडीतली एक काकी बसायची. तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. मावशीची आणि तिची रोज जुंपायची.

मावशीचं दुखणं कळलं आणि काकीने पाटी दोन हात लांब सरकवली. पलीकडचीनेही सरकवली. वाईट कुणीच बोललं नाही. तिथेच तर खरी गोम होती, कारण बरंही कुणी बोललं नाही.

"माका कोण गाळी सुदीक घालणा नाय गो," मावशी एकदा आईला म्हणाली. "मी मुद्दाम तिच्या गिऱ्हाइकाक हाक मारलंय. ती गप. माझ्याकडे बघूक पण नाय. मी मेलेल्या माणसासारखी बसान रवतंय थंय."

आई म्हणाली, "मगे मी घालू काय गाळी?"

"तुझ्या गाळयेक चव नाय," मावशी म्हणाली.

तिला एवढंच हवं होतं. परत बाजारात माणसासारखं बसायचं आणि काकीने तिच्या नावाने बोटं मोडायची.

मग सरकारी गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी आम्ही पहाटेची एस.टी. धरून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचो. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, रजा टाकून सोबत जायचे आणि डॉक्टरांच्या तोंडचे शब्द मावशीला मालवणीत करून सांगायचे. ह्या गोळ्यांनी अंगातल्या लढणाऱ्या पेशी वाढतात, एक वेळही चुकवायची नाही. मावशी चुकली नाही. मोबाइलचा गजर लावला होता, तो वाजला की कोंबड्याही पाण्याकडे धावायच्या. वर्षभरात ती भरली. गाल वर आले, केस दाट झाले. पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन बाजारात चालत जाऊ लागली. पाट्या मात्र दोन हात लांबच राहिल्या.

आणि मग, गोळ्यांचं दुसरं वर्ष सरता सरता, मावशीला उधाण आलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत तिने दोन्ही खळी, म्हणजे अंगणं, झाडलेली असायची, आमचं आणि शेजाऱ्यांचं. शेजाऱ्यांनी सांगितलेलं नसायचं. ऐन थंडीत गोधड्या धुवायला काढल्या. आम्ही शाली पांघरून बसलेलो आणि ही विहिरीवर थंडगार पाणी डोक्यावर ओतून म्हणते, "केदो हो उकाडो!" बोलणं इतकं भरभर की एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची आणि तिसरी दारात उभी असायची. आणि भूक! सकाळी पेज, मग भाकऱ्या, मग बाजारातून येताना भजी, आणि घरी येऊन विचारणार, "काल्चा काय उराला काय गो?"

आई तिच्याकडे बघत राहायची. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या सरकारी गोळयेत काय घालतत गो? माका पण एक मिळात काय?"

मी हसले. खूश होते मी. औषध लागू पडलं म्हणजे असं पडावं! आठवीच्या वर्गात रोगप्रतिकारशक्तीचा धडा मी त्या वर्षी असा शिकवला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहिली.

पण मग तिचे ब्लाऊज सैल व्हायला लागले. एवढं खाऊन बाई वाळत चालली होती. चहाची बशी तिच्या हातात कडकड वाजायची. डोळे मोठे दिसायला लागले, पापणी लवता लवत नव्हती, जणू सतत कुणीतरी तिला आश्चर्याची बातमी सांगतंय. तिचा नवरा असाच वाळला होता. गोळ्या चालेनाशा झाल्या की काय, दुखणं परत उसळलं की काय, हे मी आईलाही बोलले नाही. मावशीला म्हटलं, पुढच्या तारखेची वाट बघायला नको, आत्ताच जाऊ. ती म्हणाली, जत्रा होऊन जाऊ दे.

तर जत्रा.

आमच्या देवीची पालखी संध्याकाळी निघते. ढोल, ताशे, तरंग म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, सगळी वाडी देवळापुढे. मावशी मागे तुळशीजवळ उभी होती. विधवा, त्यात ता दुखणा, पुढे कोण येऊ देणार? मी तिच्या शेजारी. ढोल वाजायला लागला आणि मी बघितलं तर तिच्या मानेची शीर ढोलाच्या पुढे धावत होती. थंडीत अंगावर घामाच्या धारा. अंबाडा सुटला. हात थरथरत होते, आधीच थरथरायचे, त्यात ढोल. आणि ते डोळे. मशालीच्या उजेडात ते डोळे पाहून पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने किंकाळी फोडली.

"अवसर! अवसर इलो गो!"

अवसर येणं म्हणजे अंगात देव येणं. गर्दी दुभंगली. ढोलवाला वळला आणि तिच्यासमोर येऊन दुप्पट जोराने वाजवायला लागला. तो जितका जोराने वाजवी तितकी मावशी थरथरे, आणि ती जितकी थरथरे तितका तो चेवाने वाजवी. मी मध्ये पडून सांगत होते, तिला बरं नाही, तिला पाणी द्या. ढोलापुढे बी.एस्सी.चा आवाज किती पोचणार!

आणि काकी, तीच ती दोन हात लांबवाली, धाडकन मावशीच्या पायावर पडली. "आई! चूक झाली ती पदरात घे! आमच्या होडयेक मासो नाय. कधी गावतलो ता सांग!"

काकी आपल्याशी बोलते आहे ह्याचाच मावशीला धक्का बसला होता. तिने खाली बघितलं, घाम पुसला, आणि म्हणाली, "उद्या गावतलो गो. आता वाट सोड, माका उबारता."

उकडतंय म्हणाली ती. दुसरं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागला. काकीची होडी काठापर्यंत भरली, बांगडे ठेवायला जागा नव्हती, पोरांनी शर्ट काढून त्यांची गाठोडी केली. झालं! आता मी कुणाला काय समजावणार?

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या खळ्यात चपलांचा ढीग पडायला लागला. बायका नारळ, केळी, जास्वंद घेऊन यायच्या. जिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, तिच्या थरथरत्या हातातून खोबरं-साखर घ्यायला ओंजळी पुढे व्हायच्या. थरथरीने साखर सांडायची, ती वेचून खायच्या. आई दारात बसून गर्दी लावायची, आणि तिला त्या कामाची फार लवकर सवय झाली.

"तू मागच्या मंगळवारी येवन गेलंस मा? आज हिका जावंदे. देवीक दोन कान आसत, धा नाय."

मावशीची उत्तरं ऐकण्यासारखी असायची. मी आतून ऐकायचे. एकीने विचारलं, घरात नवऱ्याशी रोज भांडण, काय करू? मावशी म्हणाली, "घोवाक सकाळचो चाय आधी दी, बोलणी मगे." दुसरीने विचारलं, सुनेला बाहेरची बाधा आहे का? "बाधा तूच गो तिका. चार दिस तिका म्हायेराक धाड आनि तू झोप काढ." बाई भक्तिभावाने मान डोलावून गेली. हेच मावशीने पूर्वी बाजारात सांगितलं असतं तर भांडण जुंपलं असतं. वर्षानुवर्षं तिला वाडीतलं सगळ्यांचं सगळं ठाऊक होतं आणि सांगायला कुणी उरलं नव्हतं. आता वाडी स्वतःहून कान घेऊन दारात बसत होती. मावशी खुशीत होती, आई खुशीत होती, आमच्याकडे रोज केळ्यांची शिकरण होती. खरं सांगते, मलाही हसू आवरायचं नाही. रात्री पडल्यावर तेवढी मी तिच्या उशाशी तिचा श्वास ऐकत राहायचे. छातीची धडधड गोधडीवरून दिसायची.

"मावशी, दवाखान्यात चल."

"आनि थंय गेलंय आनि ही थरथर गेली तर?" तिने माझ्याकडे त्या न मिटणाऱ्या डोळ्यांनी पाहिलं. "परत दोन हात लांब पाटी? तू शिकलेला चेडू, तुका कळाक व्हया. मरान जायन पण परत तशी बसूचंय नाय."

"मरशीलच की!"

"मगे देवी म्हणान मरतलंय. खांद्यार घेवन जातले."

मी तिची गोधडी सारखी केली, तिने ती पुन्हा लाथाडली.

तशी देवीपणात एक अडचण होती, आणि ती मावशीला हळूहळू बोचत होती. बाजारात आता काकी तिची पाटी आपल्या पाटीला चिकटून लावायची, बसायला पोतं घालायची, माश्या वारायची. मावशीने गिऱ्हाइकाला हाक मारायला तोंड उघडलं की काकी म्हणायची, "देवीन कशाक आरडूचा? मी विकतंय." मावशीने एकदा मुद्दाम काकीच्या बांगड्यांना शिळे म्हटलं. काकीने हात जोडले, "आई म्हणता तर शिळे." आणि चांगला ताजा बांगडा मांजरांना घातला! मावशी घरी येऊन चिडचिड करत होती. "बाजार आसा की गाभारो? जीव आंबलो माझो."

मग एक दिवस ती घरी आली ती रिकामी पाटी घेऊन आणि बोटाला चिंधी बांधून. नेहमीचं भरभर बोलणं नाही. ओट्यावर बसून राहिली.

झालं होतं असं की एका जुन्या गिऱ्हाइकाला इसवण हवी होती, आणि तुकड्या मावशीच्याच हातच्या हव्या होत्या. काकीला बाजूला करून मावशी स्वतः आडाळ्यावर बसली. पहिली तुकडी जाड, दुसरी कागदासारखी, तिसरी धड तुकडीच नाही. आणि चौथ्या वेळेला पातं बोटात. मावशीने आपलं रक्त कुठे सांडू नये म्हणून इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं. घरातही तिची सुई वेगळी, ब्लेड वेगळं. तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही, सगळी इसवण उचलून खड्ड्यात पुरली, आडाळो उकळत्या पाण्याने धुतला, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, आज मासा नाही.

"माझ्यान तुकडी होणा नाय गो," ती मला म्हणाली. "देवी असती तर तिना माझो हात धरल्यान नसतो? देवीक इसवण कापूक येणा नाय, असा कसा जायत?"

मी लगेच म्हटलं, उद्या पहिल्या एस.टी.ने.

"पण असा सोडून जावचंय नाय. देवीक इचारूक व्हया. कौल घेवया."

कौल म्हणजे देवीची परवानगी. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे श्वास धरून बघतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. ओली कळी सुकली की पडते, हे मला कळतं. कुठली आधी सुकेल हे गुरवाच्या बोटावर आणि दारातून येणाऱ्या वाऱ्यावर असतं, हेही कळतं. तरी त्या सकाळी मी पहिल्या रांगेत होते, आणि वाडीतल्या कुणाहीपेक्षा जास्त टक लावून उजव्या कळीकडे बघत होते.

गुरव गाऱ्हाणं घालू लागला. "बाये, तुझ्या ह्या लेकराच्या अंगात तू इलंस, तिका आता दाक्तराकडे जावचा आसा, तुझी राजीखुशी आसा तर उजवो दी, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

डावी कळी हलली. हलली आणि थांबली. गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं. देवळात मावशीच्या हातातल्या पूजेच्या ताटलीचा किणकिणाट तेवढा ऐकू येत होता, तिचे हात थरथरत होते ना! आणि मग उजवी कळी अशी टपकली की जशी काही तिला घाई होती. मी टाळी वाजवली. देवळात टाळी वाजवत नाहीत. कौलाला तर नाहीच नाही. गुरवाने माझ्याकडे पाहिलं, मी हात जोडले.

"उजवो दिल्यान. जावा," गुरव म्हणाला.

"पण देवीक एकटी कशी धाडूची?" काकी उभी राहिली. "मी येतंय सोबतीक."

आणि आली की! एस.टी.त मावशीला खिडकी दिली, शेजारी स्वतः बसली, आणि कंडक्टरला सांगितलं, "हिचा तिकीट कशाक? ही देवी आसा." कंडक्टर म्हणाला, "देवीक देवळात फुकट. एस.टी.त तिकीट."

दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, चष्मेवाल्या. त्यांनी काकीला बाहेर थांबायला सांगितलं. मावशी म्हणाली, "बसू द्या तिला. तिला सगळं ठाऊक आहे. तिच्यामुळेच सगळ्यांना ठाऊक आहे." दवाखान्यात मावशी शुद्ध बोलायची. काकी खाली मान घालून बसली.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघून भुवया वर केल्या. मावशीला हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यात धरल्यासारखा फडफडायला लागला.

"हे केव्हापासून?"

"जत्रेपासना," काकी बोलली. "अवसर आसा तो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मावशीच्या मानेवर पुढून बोटं ठेवली आणि आवंढा गिळायला सांगितलं. मावशीने गिळला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं, कॉलेजच्या वहीत मीच काढलेलं, फुलपाखरासारखी ग्रंथी, खाली नावासकट, आणि मी उडीच मारली. "थायरॉइड!"

"तुम्ही कोण?"

"बी.एस्सी.!" मी म्हटलं. भाची म्हणायचं होतं.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. तोवर कंप आणि धडधड थांबायला एक गोळी दिली. अहवाल आला तेव्हा आम्ही तिघी परत डॉक्टरीणबाईंसमोर होतो. ग्रंथीच होती, दुप्पट-तिप्पट जोराने चाललेली. पण मला खरी भीती दुसरीच होती, आणि मी ती विचारलीच. "गोळ्या चालेनाशा झाल्यात का? ते दुखणं परत आलंय का?"

"उलट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या लढाऊ पेशी भरपूर वाढल्या आहेत. औषध छान लागू पडलंय. कधीकधी असं होतं. बरीच वर्षं दुबळी पडलेली ताकद परत जोरात येते, तेव्हा तिला आपलं कोण, परकं कोण, ह्याचा नीट विचार राहत नाही. मग ती आपल्याच एखाद्या अवयवाच्या मागे लागते. ह्यांच्या बाबतीत ती थायरॉइडच्या मागे लागली आहे, आणि थायरॉइड सगळ्या शरीराला पळवतंय."

मी मालवणीत करून सांगायला तोंड उघडलं, पण मावशीला कळलं होतं. ती शुद्ध बोलायचं विसरून गेली.

"म्हणजे शिमग्यातली पोरां! होळयेक लाकडां चोरूची म्हणान भायर पडतत, वाडयेत कायएक गावाक नाय, की मगे आपल्याच घराचो वासो काढून नेतत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच. आता पोरांना घरातून काढायचं नाही, कारण तीच राखण करतात. म्हणजे आधीच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, एक दिवससुद्धा. आपण फक्त वासा सांभाळायची वेगळी गोळी देऊ. मधूनमधून रक्त तपासू. घसा दुखला, ताप आला तर लगेच यायचं."

"म्हणजे माझा औषध फुकट गेला नाय?"

"जरा जास्तच लागलं म्हणा."

मावशी हसायला लागली. थरथरत, घाम पुसत, इतकी हसली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. मी रडत होते बहुतेक, किंवा हसत होते. दोन्हीत मला तेव्हा फरक करता आला नसता. काकी तेवढी गंभीर होती.

"आनि देवी?" तिने विचारलं.

"देवीचं मला तपासता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गोळ्यांनी काम केलं. आधी बशी वाजायची थांबली. मग रात्री गोधडी लागायला लागली. वाडगाभर पेजेत पोट भरायला लागलं आणि तरी अंग धरलं. मंगळवारच्या बायका यायच्या, मावशीच्या हाताकडे बघायच्या, हात स्थिर, साखरेचा कण सांडत नाही. त्या एकमेकींकडे बघायच्या. चपलांचा ढीग लहान होत गेला. आई दारात बसून राहायची, गर्दी लावायला गर्दीच नव्हती.

वैशाखात देवळाचा वाढदिवस असतो, पालखी पुन्हा निघते. मावशीला आता मागे उभं करत नव्हते, तिला पुढे आणली. ढोलवाला मोठ्या उमेदीने समोर आला आणि वाजवायला लागला. मावशी उभी. त्याने जोर वाढवला. मावशीने पदर सारखा केला. तो घामाघूम, शीर फुगलेली, डोळे बाहेर, कुणी नवखा असता तर म्हणाला असता अवसर त्यालाच आलाय. शेवटी मावशी त्याला हळूच म्हणाली, "रे झिला, हात दुखतले तुझे. पाणी पी." पालखी पुढे गेली.

घरी येऊन ती आडाळो घासत बसली. दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होता. ती काय विचार करत होती ते मला ठाऊक होतं, कारण मीही तोच करत होते. मी शाळेला दांडी मारली आणि तिची पाटी धरून सोबत गेले.

मावशी आपल्या जागेवर बसली. पोतं कुणी घातलं नव्हतं. काकीची पाटी होती तिथेच होती, पण काकी समोर बघत बसली होती, ओठ घट्ट. बाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. तीच जुनी शांतता. मावशीने आडाळो मांडला, इसवण घेतली आणि कापायला लागली. तुकडी पडली, दुसरी पडली, तिसरी. जुळ्या बहिणी. मी बघत होते, हात जराही हलला नाही.

एक बाई पिशवी हलवत काकीच्या पाटीशी वाकली. बांगड्याचा डोळा दाबून बघायला लागली.

मावशीने मान वर केली. माझ्या लक्षात आलं ती काय करणार आहे, आणि मी तिचा पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"ताई, हयसर येवा!" मावशी ओरडली. "थंय कशाक वास घेतास? तो बांगडो परवाचो आसा!"

बाजार थांबला. बर्फ फोडणारा थांबला. काकी उठली. सावकाश, कमरेवर हात ठेवून. तिचा चेहरा लाल झाला होता. ती मावशीकडे बघत राहिली आणि मी मनात म्हटलं, उजवो दी, म्हाराजा.

"मुडदो बशिवला तुझो!" काकी म्हणाली, आणि ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. "परवाचो? माझो बांगडो परवाचो? तुझ्या जिभेक फटकी येव! देवी होतंस तोपर्यंत गप रवलंय, दात खावन रवलंय! माझे ताजे बांगडे मांजराक घातलंय तुझ्या पायी! तुझ्या हातची साखर खाल्लंय, एक नाय, धा मंगळवार, आता माझ्या पोटातसून ती काय भायर काढूक येतली? तुझ्या सोबतीक एस.टी.त ओकलंय! आनि माझ्या गिऱ्हाइकाक हाक मारतंस?"

"मारतंय!" मावशी उभी राहिली. हातात इसवणीचं शेपूट. "आनि रोज मारतलंय! फटकी येव तुझ्या आवाजाक, मासे भियान समुद्रात परत जातत!"

"माझ्या आवाजाक? आनि तुझे ते डोळे? खेकड्यासारखे!"

"खेकडो तुझो घोव!"

बाकीच्या बायका सरसावून बसल्या. कुणी हिच्या बाजूने, कुणी तिच्या. बर्फवाल्याने परत बर्फ फोडायला घेतला. मी मध्ये उभी, पाटी पोटाशी धरून. पिशवीवाली बाई हळूच उठली, पलीकडच्या तिसऱ्याच बाईकडून बांगडे घेऊन निघून गेली, आणि ते दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही.

त्या दुपारी काकीच्या डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. मी शिकलेली म्हणून मला जास्त वाढलं.

संध्याकाळी मावशीने आईला सगळ्या शिव्या सांगितल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गजर वाजला, तिने गोळ्या घेतल्या आणि परत पहिल्यापासून सांगितल्या. दुसऱ्या वेळेला त्या जास्त होत्या.